मातीची मगर पाहिली, म्हणून मगर होता येतं का?

प्रश्न : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातली माझी ड्रूइड, म्हणजे पशूंची रूपं घेणारी जादूगार, खाजनाकाठची (खाडीलगतच्या बांधबंदिस्त शेतीकाठची). आमच्या दुर्भाटसारखंच तिच्या गावातही बांधावर मातीची मगर घडवून पुजतात. ती मगर लहानपणापासून पाहिलीय, म्हणून दुसऱ्या लेव्हललाच मी मगरीचं रूप घेतलं. खेळ चालवणारा डीएम नाही म्हणाला. कोण बरोबर? (फोंडा)

डीएम बरोबर. पण तुमची कल्पना इतकी सुंदर आहे की ती सोडू नका. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४च्या नियमांत ड्रूइडला स्वतः पाहिलेल्या पशूचंच रूप घेता येतं आणि मूर्तीत तो जिवंत पशू नसतो. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात खऱ्या मगरी आहेत. तसाच कालवा तुमच्या कथेत आणा. होडीतून जाताना चिखलावर ऊन खात पडलेली मगर तिला दिसू द्या, लहानपणी पुजलेली मूर्ती आठवू द्या.

तरी लेव्हलचा प्रश्न उरतोच. मगरीचं चॅलेंज रेटिंग (ताकदीचा आकडा) १/२, शिवाय ती पोहते. दुसऱ्या लेव्हलला मर्यादा १/४ची, आणि पोहणारं किंवा उडणारं रूप चालत नाही. चौथ्या लेव्हलला दोन्ही अडचणी सुटतात. २०२४च्या नियमांत ‘पाहिलेला पशू’ ही अट गेली. दुसऱ्या लेव्हलला ४ रूपं निवडायची, मोठ्या विश्रांतीनंतर त्यातलं एक बदलता येतं. पोहण्यावरची बंदीही उठली. मगरीसाठी थांबावं मात्र चौथ्या लेव्हलपर्यंतच लागतं. माझ्या टेबलावर मी पाहण्याची अट आजही पाळतो, कारण तिच्यामुळे खेळाडू वाटेतल्या प्रत्येक जनावराकडे थांबून बघतात.

प्रश्न : अस्वल मेलं की ड्रूइड मरतो का? आमच्यात दोन पुस्तकं घेऊन वाद चाललाय. (म्हापसा)

वाद त्या दोन पुस्तकांचाच आहे. २०१४प्रमाणे अस्वलाचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो ते गुण) वेगळे. तपकिरी अस्वलाचे ३४. समजा तुमचे स्वतःचे १५ आहेत आणि अस्वल ताजंतवानं असताना एकाच घावात ४० लागले. ३४ अस्वल खातं, तुम्ही माणसात येता, उरलेले ६ तुमच्यातून जातात. राहिले ९. जिवंत आहात.

२०२४मध्ये हिट पॉइंट तुमचेच राहतात. वर लेव्हलइतके तात्पुरते हिट पॉइंट मिळतात, मून ड्रूइडला (रूपबदलात खास तरबेज ड्रूइडला) लेव्हलच्या तिप्पट, म्हणजे तिसऱ्या लेव्हलला ९. ते संपले तरी तुम्ही अस्वलच राहता. नवा हिशेब सोपा आहे, पण अस्वल कोसळून त्यातून माणूस उठतो तो क्षण मला अजून जुन्यातच आवडतो. काहीही निवडा, पण मोहीम सुरू होण्याआधी एकच पुस्तक ठरवा.

प्रश्न : गवा आमच्या राज्याचा प्राणी, आणि मॉन्स्टर मॅन्युअलात, खेळातल्या प्राण्यांच्या पुस्तकात, नाही! (वाळपई)

गेंड्याचे आकडे घ्या, वर्णन गव्याचं करा. रेटिंग २, म्हणजे मून ड्रूइडला सहाव्या लेव्हलला मिळतो. २०१४च्या गेंड्याला धाव आहे : २० फूट सरळ येऊन धडकला तर जास्तीची इजा, शिवाय समोरचा आडवा पडू शकतो. म्हादई अभयारण्याच्या परिसरात राहणाऱ्यांना यापुढे काही समजावायला नको.

प्रश्न : रूप घेतल्यावर चालू मंत्र तुटतो का? (मडगाव)

नाही. नवा मंत्र म्हणता येत नाही, आधीच्या मंत्रावरचं कॉन्सन्ट्रेशन (तो चालू ठेवणारी एकाग्रता) टिकतं. मार बसला की ते टिकवायला सेव्ह (फासा टाकून बचाव) मात्र करावाच लागतो.

प्रश्न : उडायला आठव्या लेव्हलपर्यंत थांबायचंच? (पणजी)

हो, दोन्ही पुस्तकांत. १९७८च्या नियमांत सातव्या लेव्हलला रूपं उघडत : दिवसातून एकदा सरपटणारा प्राणी, एकदा पक्षी, एकदा सस्तन, आणि प्रत्येक बदलात अंगावरच्या जखमांपैकी १० ते ६० टक्के भरून निघत. आठवी गाठलीत की सगळे गरुडाकडे धावतात. मी वटवाघूळ सुचवेन. मिट्ट काळोखातही ६० फुटांपर्यंतचं त्याला आवाजावरून कळतं. फक्त त्याचे कान सांभाळा. २०१४च्या नियमांत बहिरेपण आलं की ती नजरही जाते.