बर्फात अडणारी व्हीलचेअर : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आम्ही चौघं कॅनडातल्या विनिपेगमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. हाताने चालवायच्या व्हीलचेअरला बर्फात उपयोगी पडेल असं काहीतरी प्रोजेक्टमध्ये बनवायचं आहे. मोटर आणि रणगाड्यासारखे रबरी पट्टे सुचवले, तर गाईडनी नको म्हटलं. मग सुरुवात कुठून करावी? – एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या गाईडचं बरोबर आहे. पट्टे लावले की खुर्ची जड होते, रुंदी वाढून दारात अडकते आणि ते काढायला दुसरा माणूस लागतो. ज्याला एकट्याने बाहेर पडायचं आहे, त्याच्या ते काय कामाचं?

मागची मोठी चाकं बर्फात बऱ्यापैकी निभावून नेतात. रुततात ती पुढची दोन छोटी चाकं. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरा. त्यातलं साधारण ३५ टक्के वजन पुढे येतं, म्हणजे एकेका छोट्या चाकावर १६ किलो. चाक टेकतं जेमतेम अडीच बाय चार सेंटिमीटर जागेवर, म्हणजे दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला १.६ किलो. ताज्या बर्फाला हा फार होतो. तेच वजन ८ बाय २५ सेंटिमीटरच्या छोट्या स्कीवर टाकलं तर दाब विसाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून आमचं मत : चाकाला चिमट्यासारखी बसणारी स्की बनवा. दुसरा रस्ताही आहे. पायाच्या फळीला पुढे एक मोठं चाक अडकवून छोटी चाकं जमिनीवरून उचलायची. अशी जोडणी बाजारात मिळते, पण ती खुर्चीची लांबी वाढवते. लिफ्टमध्ये वळायचं म्हटलं की ते जाणवतं.

स्कीचा आकार ठरवताना एक गोष्ट हटकून विसरली जाते. छोटं चाक आपल्या उभ्या खिळीभोवती फिरतं आणि खुर्ची पुढे जाताना त्या खिळीच्या मागे राहतं. स्कीचा जास्त भाग खिळीच्या पुढे गेला, तर बर्फाचा रेटा पुढच्या भागावर येतो आणि स्की उलटी फिरू पाहते. म्हणून जास्त लांबी मागच्या बाजूला ठेवा आणि पुढचं टोक वर वळवा. खुर्ची मागे घेतली की चाकासोबत स्कीही अर्धी फिरते आणि तिचं शेपूट टाचेला, पायाच्या फळीला किंवा मोठ्या चाकाला धडकतं. प्लास्टिक कापण्याआधी पुठ्ठ्याची स्की करून चाकाला बांधा आणि पूर्ण गोल फिरवून बघा. अडचण निघालीच तर स्की आखूड करून थोडी रुंद करा.

फुटपाथवर सलग बर्फ क्वचितच असतो, मध्येच कोरडं काँक्रीट लागतं. चाक स्कीच्या तळाखाली ८ मिलिमीटर बाहेर ठेवा. कडक जमिनीवर चाक फिरेल, भुसभुशीत बर्फात ते बुडेल आणि भार स्की घेईल. आडव्या उतारावर सपाट तळ बाजूला सरकतो, त्यासाठी तळाला लांबीच्या दिशेने ३ मिलिमीटरची धार ठेवा.

तळाला एचडीपीई (घट्ट, गुळगुळीत प्लास्टिक) घ्या, भाजी चिरायच्या पांढऱ्या बोर्डचंही चालतं. थ्रीडी प्रिंटरचं पीएलए प्लास्टिक मापं तपासण्यापुरतं ठीक. ते आधीच ठिसूळ, त्यामुळे स्की चाकाला धरणारा क्लॅम्प त्याचा केला तर उणे वीसमध्ये पदपथाच्या काठावर आपटला की तुटतो, तिथे नायलॉन किंवा ॲल्युमिनियम हवं. क्लॅम्प बंद करणारा खटका असा करा की जाड मिटन घातलेल्या हाताने, खुर्चीतूनच, आवाज न ऐकताही बसला की नाही ते कळेल. फटीत बर्फ भरून गोठला तरी तो उघडला पाहिजे. ओला करून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी उघडून बघा.

पहिल्या चाचण्या ७५ किलोच्या वाळूच्या पोत्यांवर घ्या. माणसांसोबतच्या चाचणीला विद्यापीठाच्या संशोधन नैतिकता मंडळाची परवानगी लागते. अर्ज सप्टेंबरातच टाका, नाहीतर परवानगी येईपर्यंत बर्फ वितळायला लागेल. व्हीलचेअर वापरणाऱ्यांशी बोलणं मात्र त्याही आधी, चित्र काढण्यापूर्वी व्हायला हवं.

प्रश्न : पकड मिळावी म्हणून मोठ्या चाकांसाठी सायकलचे खिळ्यांचे २४ इंची टायर मागवले. रिमही २४ इंचीच आहे, तरी बसत नाहीत.

उत्तर : बसणारच नाहीत. व्हीलचेअरच्या २४ इंची रिमचा टायर बसतो तिथला व्यास बहुधा ५४० मिलिमीटर असतो, आणि खिळ्यांचे २४ इंची टायर मिळतात ते ५०७ च्या रिमचे. टायरच्या कडेवर '४७-५०७' असा आकडा असतो (४७ ही टायरची रुंदी, ५०७ हा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये), तोच बघत जा. ५०७ च्या रिमची वेगळी जोडी हिवाळ्यापुरती ठेवा. झटपट निघणारा ॲक्सल असेल तर चाकं बदलायला वेळ लागत नाही. ४७ चा टायर बसवला की चाकाचा बाहेरचा व्यास ६०१ मिलिमीटर होतो. २५ मिलिमीटरच्या बारीक टायरचा तो ५९० असतो, त्यामुळे उंचीत फरक नगण्य. पण टायर दोन्ही बाजूंना ११ मिलिमीटर जाड होतो. आत तो कपड्याच्या गार्डला घासतो, बाहेर हँडरिमजवळ (हाताने ढकलायच्या कडीजवळ) येऊन बोटं खिळ्यांना लागतात. हँडरिम तेवढी बाहेर काढा आणि ब्रेक नव्याने जुळवा.

ब्रेकवर मात्र विसंबू नका. १:१२ च्या रॅम्पवर (बारा फुटांत एक फूट चढ) खुर्ची थांबायला घर्षणांक, म्हणजे टायर आणि जमीन यांच्यातली पकड सांगणारा आकडा, किमान ०.०८ हवा, तोही चारही चाकं लॉक असतील तर. ब्रेक लागतो फक्त मागच्या चाकांना, आणि त्यांच्यावर ६५ टक्केच भार असतो, म्हणून लागतो सुमारे ०.१३. तोंड उताराकडे असेल तर भार पुढे सरकतो आणि आणखी जास्त लागतो. शून्याच्या आसपासच्या ओल्या बर्फावर साधं रबर बऱ्याचदा ०.१ सुद्धा देत नाही. म्हणजे ब्रेक घट्ट लावलेली खुर्चीही घसरते.

प्रश्न : सीटखाली बॅटरीवर चालणारं हीटिंग पॅड द्यावं का?

उत्तर : नको. मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेकांना कमरेखाली स्पर्श कळत नाही. पॅड जास्त तापलं तर भाजतं आणि त्यांना पत्ताही लागत नाही. अंगाच्या वजनाखाली दबलेल्या कातडीला तर धोका आणखी जास्त. हिमदंशाचंही तसंच, बोटं पांढरी पडतात पण दुखत नाहीत. त्यापेक्षा पायाच्या फळीवर बंद छिद्रांचा फोम आणि पायांना वारा अडवणारी पिशवी द्या. पिशवीच्या कडा चाकाच्या तारांपासून दूर बांधा. घरी आल्यावर पाय डोळ्यांनी तपासायची सूचना माहितीपत्रकात पहिल्या ओळीत टाका. दुसऱ्या कशासाठी लिथियम बॅटरी वापरलीत, तर ती बाहेरून आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केली की आत लिथियम धातूचा थर बसतो आणि ती कायमची बिघडते.