कळसूबाई, हरिश्चंद्रगड सहज होतो, मग हिमाचलमधला मनालीजवळचा हंप्ता पास (खिंडीचा ट्रेक) जमेल का? तयारी किती दिवस आधी सुरू करावी?

जमेल. पण ते 'सहज होतो' वाचलं आणि राहवलं नाही, कारण 2022 च्या जूनमध्ये मी पण हेच बडबडत मनालीला गेलो होतो.

कळसूबाई 1646 मीटर. मनाली 2000 च्या वर. म्हणजे तुम्ही हॉटेलात पांघरूण घेऊन झोपलेले असता तेव्हाच महाराष्ट्रातल्या सगळ्या शिखरांच्या वर असता, आणि पास आहे जवळपास 4270 ला. मी नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग असले सह्याद्रीतले अवघड ट्रेक केलेला माणूस, ग्रुपमध्ये कायम पुढे. डोंबिवलीहून निघालो, चंदीगडपर्यंत फ्लाइट, मग रात्रभर बस, सकाळी मनालीत उतरून आंघोळ, लगेच जीपने जोब्रा, जिथून चालायला सुरुवात होते, आणि संध्याकाळी चिका कॅम्पला टेंटमध्ये. साधारण 3100 मीटर, दीड दिवसात. दुसऱ्या दिवशी ज्वारा करून बालू का घेरा हा पुढचा कॅम्प, म्हणजे आणखी पाचशे मीटर, तिथेही मीच पुढे, मागून लीडर ओरडतोय हळू चला हळू चला, पण ऐकतंय कोण. पाणीही मुद्दाम कमी प्यायलो, रात्री त्या थंडीत टेंटची चेन उघडून बाहेर कोण जाणार म्हणून.

रात्री नऊला डोकं दुखायला लागलं. कोणाला बोललो नाही, लाज. पहाटे बुटाची लेस बांधायला वाकलो तर आत घण पडतायत असं वाटलं, गाठ दोनदा चुकली, तेवढ्यात पोह्यांचा वास आला आणि टेंटच्या मागे जाऊन ओकलो. ते लीडरने बघितलं. आमच्यातला एक म्हणतोय गोळी घे आणि चल, पैसे भरलेत. लीडर म्हणाला अजिबात नाही, आणि मला एका घोडेवाल्याबरोबर खाली पाठवलं. रस्ताभर मी लीडरला शिव्या घालत होतो. चिकाला पोचेपर्यंत डोकं मोकळं, आणि दुपारी त्या घोडेवाल्यासमोर बसून चार पराठे हाणले.

चार पराठे! हाच माझा मुद्दा आहे. तो 'गोळी घे'वाला आजही प्रत्येक भेटीत म्हणतो की जिम लावली असतीस तर पोचला असतास. अरे, स्टॅमिना कमी पडला असता तर नुसतं पाचशे मीटर उतरून भूक लागली असती का? हवा विरळ असते, 4300 च्या आसपास दाब खालच्या साठ टक्केच उरतो, शरीराला सवय व्हायला दिवस लागतात, दंड फुगवून काही होत नाही. उलट फिट माणसं जास्त अडकतात, दम लागत नाही म्हणून पळत सुटतात. तो स्वतः पास उतरून पलीकडच्या सियागोरू कॅम्पला ओकला होता, ते मात्र कधी सांगत नाही.

तर तयारी. दीड-दोन महिने आधीपासून पळा, जिने चढा, पाच किलोमीटर पस्तीस-चाळीस मिनिटांत जमलं तर पाय साथ देतील. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मनालीत दोन रात्री जास्त काढा. सुट्टी नसेल तर ट्रेक पुढे ढकला. डोकं दुखलं की लगेच सांगा. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं, सकाळची वाट बघायची नाही.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरला विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. मी डॉक्टर नाही. आणि हो, पास मी अजून बघितलेलाच नाही, पलीकडचं ते लाहौलचं उघडंबोडकं रूप फक्त लोकांच्या फोटोत पाहिलंय, तेव्हा छत्रूकडच्या उतरणीबद्दल मला विचारू नका.

सप्टेंबरचं बुकिंग केलंय. जिमवाला पण येतोय. मनालीत दोन रात्री थांबू म्हटलं तर म्हणतो, एवढी रजा कोण देतं.