ताटलीही भरलेली, पोटही भरलेलं

श्वानपालन : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे : कुत्रं छोटं, लाड मोठे आणि जेवायचं नाव नाही. त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्यातलं घर थोड्याफार फरकानं सगळ्यांचंच आहे.

प्रश्न : आमचा शिह त्झू, बबडू, अडीच वर्षांचा आहे. वजन 5 किलो, नसबंदी झालेली आहे. पाकिटातल्या दाण्यांना तोंड लावत नाही. ताटली दिवसभर भरलेलीच असते. हातानं भरवलं तर उपकार केल्यासारखे चार दाणे खातो. सकाळी चहाच्या वेळी दोन मारी, दुपारी तूप लावलेली अर्धी पोळी, सासऱ्यांच्या वाटीतली थोडी सेव, पनीरचे एक-दोन तुकडे आणि रात्री अर्धी वाटी दूध, एवढंच पोटात जातं. वाळला नाही, पण जेवतही नाही. काय करावं? (रामबाग, इंदूर)

उत्तर : वाळला नाही, कारण तो जेवतो आहे. फक्त ताटलीत जेवत नाही. हिशेब करून बघा. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या छोट्या कुत्र्याची गरज काढायची सोपी रीत अशी : वजनाला 30 नं गुणा, त्यात 70 मिळवा आणि येईल त्याची दीडपट करा. 5 किलोला 220, दीडपट 330 कॅलरी. आता वरचं खाणं मोजू. दोन मारी साधारण 50, अर्धी पोळी 55, वर चमचाभर तूप 45, दहा ग्रॅम सेव 55, वीस ग्रॅम पनीर 55, अर्धी वाटी दूध 60. बेरीज 320. बबडूचा दिवसाचा कोटा दाण्यांना हात न लावता पुरा झाला. भूकच नाही, तर खाणार काय!

तेव्हा ब्रँड बदलायच्या आधी घरातले हात आवरा. इंदुरात पाहुणा सेवेशिवाय उठत नाही, मग कुत्र्यानं काय घोडं मारलंय, असं वाटतं खरं. पण लसूण सेव कुत्र्याला अजिबात चालत नाही आणि कांदा घातलेले पोहेही नाहीत. कांदा-लसूण, कच्चं असो वा शिजलेलं, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतं. दर किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅम कांदा रक्तावर परिणाम करायला पुरतो. म्हणजे 5 किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदा. वाळवून पूड केलेला असेल तर त्याहून कितीतरी कमी. मनुका-बेदाणे आणि चॉकलेट त्याच यादीत.

आता रीत. पाकिटावर 100 ग्रॅममध्ये किती कॅलरी ते बहुधा छापलेलं असतं, नसेल तर 350 ते 400 धरा. 370 असतील तर बबडूचे दिवसाचे दाणे 90 ग्रॅम होतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदाच मोजा आणि कुठल्या वाटीत किती मावतात त्याची खूण करून ठेवा. सकाळ-संध्याकाळ चाळीस-चाळीस ग्रॅम. उरलेले दहा ग्रॅम एका छोट्या डब्यात. आजोबांना द्यावंसं वाटलं, मुलांना द्यावंसं वाटलं, तर या डब्यातलंच द्यायचं. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचे लाड संपले. ‘कोणी काहीच देऊ नका’ असा फतवा एकत्र कुटुंबात दोन दिवस टिकत नाही, डबा मात्र टिकतो.

ताटली दिवसभर ठेवायची नाही. ठरलेल्या वेळी चाळीस ग्रॅम दाण्यांवर दोन मोठे चमचे कोमट पाणी घाला, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग द्या. बोट बुडवल्यावर सुखाचं वाटावं इतपतच कोमट. कुत्रं चवीपेक्षा वासावर जेवतं आणि ऊब मिळाली की दाण्यावरच्या स्निग्धाचा वास उठतो. पंधरा मिनिटं ठेवा. खाल्लं तर उत्तम, नाही तर न बोलता उचला. ‘जेव रे राजा’ नाही, रागावणंही नाही. समोर बसून केलेली विनवणी त्याला जेवणापेक्षा गोड लागते. भिजवलेलं उरलं तर फेकून द्या, उन्हाळ्यात ते तास-दोन तासांत आंबतं.

हातानं खायची सवय एकदम तोडू नका. दोन-तीन दिवस हात ताटलीत ठेवून भरवा, मग हात ताटलीच्या काठावर, मग बोटानं दाणे नुसते हलवायचे, मग उठून जायचं. शिह त्झूचं नाक चपटं असतं, खोल वाडग्यात तोंड घालताना त्याला त्रास होतो. पसरट, उथळ ताटली घ्या. स्टीलची ताटली फरशीवर सरकत असेल किंवा गळ्यातला घुंगरू तिच्यावर वाजत असेल, तर घाबरट कुत्रं त्या आवाजालाच बिचकतं. खाली रबरी पायपुसणं टाका आणि जेवताना पट्टा काढा.

हे कुठं फसतं तेही सांगतो. पहिल्या दिवशी बबडू वास घेऊन निघून जाईल. निरोगी, वयात आलेलं कुत्रं एक-दोन वेळचं सहज सोडतं. संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात बसून भुंकेल, आणि तासाभरानं कोणीतरी विरघळून पोळीचा तुकडा टाकेल. त्यातून तो एवढंच शिकतो, की तासभर भुंकलं की पोळी मिळते. पुढच्या वेळी तो दोन तास भुंकायला तयार असतो. म्हणून सुरू करायच्या आधी घरातल्या सगळ्यांना बसवून बोला. ज्यांना पाळता येणार नाही त्यांच्या जेवणाच्या वेळी बबडूला दुसऱ्या खोलीत ठेवा. सलग चोवीस तास काहीच खाल्लं नाही, किंवा मधे उलटी, जुलाब, मलूलपणा दिसला, तर हा हट्ट नव्हे. प्रयोग थांबवा आणि डॉक्टर गाठा.

दाण्यांवर काही घालायचंच असेल, तर चिकन उकडलेलं पाणी (मीठ-कांदा न घालता) किंवा दही, एक चमचा. नीट कालवा. वर नुसतं ठेवलं तर तो तेवढं चाटून दाणे ठेवतो, यात छोटी कुत्री पटाईत असतात. चार दिवस नीट जेवला की अर्धा चमचा, मग पाव, मग बंद.

प्रश्न : पेट शॉपमधून सुटे दाणे किलोवर आणतो, पाकिटापेक्षा बरेच स्वस्त पडतात. पहिला आठवडा कुत्रा (पग, 7 किलो) आवडीनं खातो, मग सोडतो. प्रत्येक वेळी असंच होतं. त्याला कंटाळा येतो का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : कंटाळा त्याला नाही, दाण्यांना वास येतो. कोरड्या दाण्यावर शेवटी चरबीचा थर फवारलेला असतो. चव त्याचीच, आणि आधी खवट होतो तोही तोच. दुकानातलं पोतं कधी उघडलं, किती उन्हात होतं, हे सुट्या मालात कळत नाही. जुने दाणे हुंगून बघा, जुन्या तेलाचा वास आला तर टाका.

बंद पाकीट घ्या, पण मोठं नको. तुमच्या पगला दिवसाला साधारण 115 ग्रॅम लागतात, म्हणजे 3 किलोची पिशवी 26 दिवस पुरते. एवढीच घ्या. 10 किलोची पिशवी किलोमागे स्वस्त पडली तरी ती जवळपास तीन महिने उघडी राहील. उघडलेली पिशवी महिन्याभरात संपावी. दाणे प्लास्टिकच्या डब्यात ओतू नका, पिशवीच घडी घालून, चाप लावून डब्यात ठेवा. डब्याच्या तळाला जुनं तूपट राहतं आणि नवा माल त्यानं नासतो. डबा दर वेळी साबणानं धुऊन खडखडीत वाळवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. पावसाळ्यात एका दाण्यावर जरी बुरशी दिसली तरी अख्खी पिशवी टाका. बुरशीचं विष लिव्हरवर जातं, आणि उकडून-भाजून ते जात नाही.

प्रश्न : नऊ आठवड्यांचं टॉय पॉम (छोटं पॉमेरेनियन) पिल्लू परवा घरी आणलं. काल दुपारपासून काही खात नाही, नुसतं झोपतं. ‘भूक लागली की खाईल’ असं सगळे सांगतात. (स्कीम क्रमांक 54, इंदूर)

उत्तर : तुम्हाला फोनवर उत्तर दिलं आहे, इथे इतरांसाठी छापतो. ‘भूक लागली की खाईल’ हा नियम मोठ्या कुत्र्यांचा. दोन-तीन महिन्यांच्या इवल्या पिल्लाला तो लावला तर जिवावर बेतू शकतं. त्याच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा फार थोडा असतो, काही तासांच्या उपासानंही रक्तातली साखर खाली येते. चाल लटपटते, अंग थरथरतं, मग ते गळून पडतं, झटके येतात. अशा वेळी मध किंवा साखरेचं दाट पाणी बोटानं हिरड्यांना चोळा, अंग उबदार कपड्यात गुंडाळा आणि लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा खायला हवंच. नवीन घरात आल्यावर आठवडाभर आधीचंच खाणं द्या. काय देत होते ते पिल्लू घेतानाच विचारून घ्या. बदल नंतर, सात ते दहा दिवसांत : आधी चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. आणि न खाणाऱ्या पिल्लाला उलट्या किंवा घाण वासाचे, रक्ताचे जुलाब असतील तर पार्वो (पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) समजूनच धावा. लसीचं कार्ड बरोबर घ्या.

प्रश्न : आमच्याकडे अंडंही चालत नाही. चार किलोची मिनी पॉम दहीभातावरच आहे, दुसरं काही खात नाही. चालेल का? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : कुत्रं मांसाशिवाय जगू शकतं, दहीभातावर नाही. तिला 285 कॅलरी हव्यात. दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम दही यातून अडीचशेच्या वर कॅलरी मिळतात, पण प्रथिनं जेमतेम साडेसात ग्रॅम. लागतात तेरा. पोट भरतं, अंग भरत नाही. तीस ग्रॅम पनीर घातलं तर प्रथिनांचा खड्डा बराचसा बुजेल. कॅल्शियम, जस्त, ड जीवनसत्त्व यांचा मात्र नाही. आपल्यासारखं उन्हात बसून पुरेसं ड जीवनसत्त्व करणं कुत्र्याच्या कातडीला जमत नाही.

म्हणून ‘संपूर्ण आहार’ असं छापलेलं शाकाहारी खाद्य आणा आणि ते दहीभातातूनच शिरवा. दहा दाणे खलबत्त्यात कुटून दहीभातात कालवा, दर दोन-तीन दिवसांनी दाणे वाढवा, भात तेवढा कमी करा. तीन आठवडे धरा, घाई केली की ती ताट ओळखते. शेवटी घरचं खाणं दिवसाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. घरचंच द्यायचा आग्रह असेल तर पशुवैद्याकडून ग्रॅममध्ये लिहिलेला तक्ता आणि त्यासोबतची पूरक पावडर घ्या. आणि दहीभाताला फोडणी नको, मीठही नको.

प्रश्न : आमची नऊ वर्षांची डॅशहुंड ताटलीशी पळत येते, दाणा उचलते आणि खाली टाकते. पोळी दुधात कुस्करली तर मात्र खाते. नखरे वाढलेत. (महू)

उत्तर : पळत येते म्हणजे भूक आहे. टाकते म्हणजे दुखतं आहे. तिला धरून वरचा ओठ उचला आणि गालाच्या आत, मागच्या सगळ्यात मोठ्या दाताकडे बघा. तपकिरी पापुद्रा, हिरडीच्या कडेला लाल रेघ आणि तोंडाला घाण वास असेल तर कारण सापडलं. छोट्या जातींत जबड्याच्या मानानं दातांची दाटी असते, कीटण लवकर साठतं.

दात साफ करणं भूल देऊनच. जागेपणी वरवर खरवडलं तर दात पांढरा दिसतो, पण खरा आजार हिरडीच्या खाली तसाच राहतो. या वयात भुलेआधी किडनी आणि लिव्हरची रक्त तपासणी हवीच, कारण किडनी दमली तरीही खाणं असंच सुटतं. तुमच्या गावातच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा. तोवर दाणे अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखे मऊ करून द्या. दूध नको, वयानं मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना ते पचत नाही. नंतर रोज ब्रश, पण कुत्र्यांची पेस्ट घेऊन. आपली पेस्ट ती गिळतात आणि ती त्यांच्यासाठी विषारी ठरू शकते.

जाता जाता : मे महिन्यात कुत्री थोडं कमी खातात का, अशी विचारणा तीन-चार पत्रांत आहे. खातात. आपल्याकडे दुपार भाजून काढते, पण रात्र निवते, त्याचा फायदा घ्या. एक जेवण सकाळी सहाच्या सुमारास, दुसरं रात्री नऊनंतर. मात्र उन्हाळा आणि पावसाळा गोचिडांचाही असतो, आणि गोचीड तापात पहिली जाते ती भूक. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघा : 101 ते 102.5 फॅरनहाइट ठीक, 103 च्या वर ताप. हिरडीवर बोट दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. हिरडी फिकट असेल, नाकातून रक्त येत असेल, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. आणि ताप उतरवायला घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.