अमूर्त मुद्राचित्रकाराला प्रेरणा कुठून मिळते?

ज्या चित्रात ओळखू येईल अशी वस्तूच नसते ते मुद्राचित्रकाराला सुचते कसे आणि त्याची वाटचाल कशी घडते, असे आपण विचारले आहे. मी धातूच्या पत्र्यावर एचिंग करतो, म्हणजे आम्लाने पत्र्यावर रेघा कोरून, त्यांत शाई भरून कागदावर छाप घेतो. निसर्ग, स्मृती, संगीत ही प्रेरणास्थाने इतर चित्रकारांप्रमाणे आम्हालाही आहेतच. परंतु माझ्या मते मुद्राचित्रणात कल्पनेचा मोठा भाग प्रत्यक्ष काम करतानाच सुचतो.

नायट्रिक आम्ल जस्ताचा पत्रा खाऊ लागले की रेघेची कड खडबडीत होते. घासून काढलेली रेघही पुष्कळदा पुढच्या प्रूफमध्ये (काम चालू असताना काढलेल्या चाचणी छापात) फिकट करडी उमटते आणि मूळ आराखड्यात नसलेली ती छटाच कधी कधी चित्राचा विषय होऊन बसते. म्हणूनच मी प्रत्येक टप्प्याचे प्रूफ जपून ठेवतो.

भारतीय मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डी यांचे काम या दृष्टीने अवश्य पाहावे. शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या रेड्डींनी पत्र्याकडेही शिल्प म्हणूनच पाहिले आणि त्यात कमी-अधिक खोलीचे थर कोरले. ब्रिटिश मुद्राचित्रकार स्टॅन्ली विल्यम हेटर यांनी १९२७ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या, पुढे ‘आतेलिए १७’ या नावाने ओळखल्या गेलेल्या कार्यशाळेत रेड्डींनी सहकाऱ्यांसह अशी पद्धत विकसित केली, की जिच्यात कडक रोलरने उंच भागावर पातळ, तेलकट शाई चढवतात आणि मऊ रोलरने घट्ट शाई खोल भागापर्यंत पोहोचवतात. तेलकट थर घट्ट शाईला धरून ठेवत नसल्यामुळे एकाच पत्र्यावरून एकाच वेळी अनेक रंग छापता येतात. इथे रंगांची रचना शाईच्या गुणधर्मातूनच निघते, आणि मला हे फार मोलाचे वाटते.

बंगाली मुद्राचित्रकार आणि शिल्पकार सोमनाथ होर यांची वाट निराळी आहे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ त्यांनी रेखाटनांत नोंदवला होता. पुढे १९७० च्या दशकातील ‘जखमा’ या मालिकेत मात्र माणसांच्या आकृती उरल्या नाहीत. मातीच्या पृष्ठभागावर सुरीने आणि तापवलेल्या सळ्यांनी घाव घालून, त्यावरून सिमेंटचा साचा करून, त्यात कागदाचा लगदा दाबून त्यांनी शुभ्र कागदावर व्रण उमटवले. अमूर्ताला अनुभवाचे वजन कसे लाभते, याचे याहून समर्थ उदाहरण मला ठाऊक नाही.

आपण स्वतः सुरुवात करणार असाल, तर एकच लहान पत्रा घ्यावा, त्यावर थोडे थोडे काम करून प्रत्येक वेळी प्रूफ काढावे आणि ती सर्व प्रूफे क्रमाने भिंतीवर लावून पुढचा बदल ठरवावा.