बाबांची फियाट, मोडायची एफडी आणि दुसरं इंजिन

मुलुंडच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. वडिलांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, सहा वर्षं सोसायटीत उभी आहे. इंजिन जाम आहे, आणि आरसी अजून वडिलांच्याच नावावर. ते आता नाहीत. एक गॅरेजवाला म्हणतो, जुनं काढून मारुतीचं इंजिन टाकतो, अडीच लाखांत. ताईंना हे काम त्याच्यासोबत स्वतः शिकायचंय, आजवर त्यांनी साधा प्लगही बदललेला नाही. हातात पगार ७८,०००, गृहकर्जाचा हप्ता ३१,००० आणि चार लाखांची एफडी. एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ, असं त्या विचारतात.

ताई, सध्या दोन्ही नको. अडीच लाखांचं लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर महिन्याला सुमारे ८,४०० रुपये जातील आणि व्याजच ५३,००० च्या आसपास होईल. एफडी मोडली तर उरतात दीड लाख, म्हणजे तुमचे पाच हप्तेसुद्धा पूर्ण निघत नाहीत. नोकरीत काही झालं तर घर आधी की गाडी आधी, हे मी सांगायला नको.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. कोणतं इंजिन बसलंय हेच तुम्हाला ठाऊक नाही. 'ब्लॉकवरचा नंबर ग्रीसमुळे वाचता आला नाही', असं तुम्हीच लिहिलंय. मुंबईत हजारो फियाट टॅक्सी होत्या, आणि त्यांची इंजिनं या गाडीतून त्या गाडीत फिरत राहिली. तेव्हा रॉकेल आणि वायरब्रश घेऊन ब्लॉक साफ करा, नंबरचा फोटो काढा आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. गाडीच्या सांगाड्यावरचा चॅसिस नंबरही. मूळ इंजिन म्हणजे चार सिलिंडरचं १०८९ सीसी पेट्रोल: कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, चार प्लग. प्लगऐवजी इंजेक्टरच्या लोखंडी नळ्या आणि पंप दिसला, तर मधे कुणीतरी डिझेल बसवलंय. अशा वेळी आरसीवर इंधन काय लिहिलंय ते आधी पाहा.

नंबर जुळला तर इंजिन बदलायचा विचारच सोडा. नुसतं उभं राहून जाम झालेलं इंजिन बऱ्याचदा सुटतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं, मग क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, हाताने फिरवून बघायचा. नाही सुटलं तर बोअर (सिलिंडर आतून कापून मोठा करणं), त्यात बसणारे ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंग. हे 'फुल इंजिन काम' सीएसटी रोडच्या कुर्ल्यातल्या बाजारात हिंडून, दोन-तीन ठिकाणी लेखी अंदाज घेऊन करता येतं. शिकायलाही हेच बरं. एकच इंजिन उघडायचं आणि तेच परत बांधायचं.

मारुतीचं प्रकरण तसं नाही. पद्मिनीचं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसलेलं, ओढ मागच्या चाकांना, गिअर स्टिअरिंगपाशी. मारुतीच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन रुंदीच्या दिशेने आडवं आणि ओढ पुढच्या चाकांना. म्हणजे माउंटिंग, गिअरबॉक्स, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर, सगळं जुळवून घ्यावं लागणार. ताकद वाढली तरी ती आवरायला चारही चाकांना जुने ड्रम ब्रेकच. अडीच लाख हा सुरुवातीचा आकडा आहे, शेवटचा नव्हे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदी मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल चालत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच काढेल. २०२८मध्ये गाडीला पन्नास वर्षं होतात. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी असलेल्या विंटेज नोंदणीच्या २०२१च्या नियमांत मूळ इंजिनात केलेला बदल बसत नाही. (ती नोंदणी घेतल्यावर गाडी रोज चालवता येत नाही, एवढंही ध्यानात असू द्या.)

आणि नंबर जुळला नाही तर? मग खर्च थांबवा आणि आरटीओत विचारा. भंगारातून दुसरं पद्मिनीचंच इंजिन घ्यायची वेळ आली तर बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रं मागा. घासलेल्या नंबरचं इंजिन फुकट मिळालं तरी महाग पडेल.

कागदांचं काम मात्र आजच सुरू करा. गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, आणि मुदत संपली असेल तर आरसीचं नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५च्या सुधारणेनुसार त्याची फी १०,००० रुपये आहे, दंड आणि पर्यावरण कर वेगळा. विमाही तुमच्या नावावर आल्यावरच.

पैशांचं म्हणाल तर एफडी तशीच राहू द्या आणि महिन्याला ६,००० वेगळ्या आरडीत टाका. वर्षाअखेरीस ७२,००० आणि वरचं व्याज हातात येईल, त्यातून कागद आणि इंजिनाचं काम सुरू होईल. ही गुंतवणूक नाही, हौस आहे. हौशीला माझा विरोध नाही, फक्त तिचा खर्च पगारातून व्हावा. घाईच असेल तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, पण पन्नास हजारांपुढे नाही.

आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन उतरवायला सेक्रेटरी परवानगी देतील का, हे गॅरेजवाल्याला हो म्हणण्याआधी विचारून घ्या.