पोहणारा शुक्राणू तयार असतोच असं नाही

प्रश्न : टेस्ट ट्यूब बेबीसाठी रॉबर्ट एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळालं. पण मूळ अडचण त्याआधी एका चिनी शास्त्रज्ञानं ओळखली होती, असं वर्गात सांगितलं. ते कोण, आणि अडचण कोणती? (एम.एस्सी. प्राणिशास्त्र, सांगली)

उत्तर : मिन चुए चँग. जन्म १९०८, चीनचा शान्शी प्रांत. १९४१ मध्ये केंब्रिजची पीएच.डी., विषय शुक्राणूच. १९४५ ला अमेरिकेतल्या वूस्टर फाउंडेशन या संशोधन संस्थेत आले ते कायमचेच. गर्भनिरोधक गोळीच्या बाबतीत ग्रेगरी पिंकस यांचं नाव पुढे असतं. सशांवरच्या सुरुवातीच्या चाचण्या चँग यांच्या हातच्या.

अडचण अशी. बीजांड आणि शुक्राणू काचेच्या भांड्यात एकत्र ठेवून फलन घडवायचे प्रयत्न १८७८ पासून चालू होते. शुक्राणू छान पोहायचे, पण फलन झाल्याचा पक्का पुरावा मिळेना. १९५१ मध्ये चँग यांनी भांड्याचा नाद सोडून घड्याळ हाती घेतलं. सशाचं रेत त्यांनी थेट मादीच्या अंडवाहिनीत सोडलं. बीजांड सुटण्याच्या काही तास आधी सोडलं तर फलन व्हायचं. सुटल्यावर सोडलं तर जवळजवळ नाहीच. मात्र दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात काही तास राहिलेले शुक्राणू काढून घेतले, तर ते उशिरा सोडूनही चालायचे. म्हणजे शुक्राणूला मादीच्या शरीरात थोडा मुक्काम करावा लागतो. सशात साधारण सहा तास. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनाही स्वतंत्रपणे हेच दिसलं, आणि १९५२ मध्ये त्यांनी याला 'कपॅसिटेशन' हे नाव दिलं.

१९५७ चा प्रयोग तर आम्हाला त्याहून देखणा वाटतो. तयार झालेले शुक्राणू पुन्हा वीर्यद्रवात घातले की त्यांची क्षमता जाते, आणि मादीच्या शरीरात पुन्हा मुक्काम घडवला की परत येते. वीर्यद्रव शुक्राणूला नेतोही आणि रोखूनही धरतो.

१९५९ मध्ये चँग यांनी काचेत फलित झालेली ३६ बीजांडं सहा माद्यांमध्ये ठेवली. चार व्याल्या, १५ पिल्लं झाली. मग मात्र शंकेला जागा उरली नाही. तरी शुक्राणू गर्भाशयातूनच आणलेले होते, म्हणजे निम्मं काम मादीनं केलेलं. तेही काचेत जमलं १९६३ मध्ये : यानागिमाची आणि चँग यांनी हॅमस्टरच्या अधिवृषणातले (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीतले) शुक्राणू वापरले. याच हॅमस्टरच्या कामातून केंब्रिजमध्ये बॅविस्टर यांनी माध्यम (शुक्राणू आणि बीजांड ठेवायचा द्रव) सुधारलं, आणि एडवर्ड्स यांचा १९६९ चा मानवी स्त्रीबीजाच्या फलनाचा प्रयोग त्यावर झाला.

प्रश्न : आययूआयआधी वीर्य 'धुतात' म्हणजे नेमकं काय करतात? (लॅब टेक्निशियन, नागपूर)

उत्तर : आययूआय म्हणजे शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात सोडणं. त्याआधी शुक्राणू वीर्यद्रवातून बाहेर काढतात, कारण वर आलंच. शिवाय वीर्यद्रवात प्रोस्टाग्लँडिन असतात, वीर्य तसंच गर्भाशयात गेलं तर जोराच्या कळा येतात.

नमुना आधी ३७ अंशांवर पातळ होऊ द्या, बहुतेक अर्ध्या तासात होतो. नळीत खाली घनता-द्रवाचा (डेन्सिटी ग्रेडियंटचा) ८० टक्क्यांचा १ मिली थर, त्यावर ४० टक्क्यांचा १ मिली, त्यावर १ मिली वीर्य. सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० ते ४०० जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) १५ ते ३० मिनिटं फिरवा. वरचं काढून टाका, नवी पिपेट घ्या, तळाचा गोळा ५ मिली माध्यमात मिसळून २०० जी वर ४ ते १० मिनिटं धुवा. जुनीच पिपेट वापरली की नको असलेला वीर्यद्रव पुन्हा आत. एका नळीत जास्त वीर्य भरलं की थर तुंबतात. आणि थर न लावता कच्चं वीर्यच जोरात फिरवू नका : मेलेले शुक्राणू आणि पांढऱ्या पेशी चांगल्यांबरोबर दाबल्या जातात, त्यांतून निघणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू चांगल्यांचं पटल (पेशीभोवतीचं आवरण) खराब करतात.

एक चूक हमखास होते. बायकार्बोनेटचं माध्यम ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये, झाकण सैल ठेवून वापरायचं. साध्या हवेच्या इन्क्युबेटरला हेपिसचं (पीएच टिकवणाऱ्या रसायनाचं) माध्यम, झाकण घट्ट. उलट केलं की पीएच बिघडतो. कपॅसिटेशनला बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लागतं. अल्ब्युमिन पटलातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं आणि शेपटी चाबकासारखी फटकारू लागते.

प्रश्न : चांगल्या वळूची कांडी भरूनही गाय उलटते. कांडीत दोष असतो का? (दूध उत्पादक, संगमनेर)

उत्तर : कांडी म्हणजे गोठवलेल्या रेताची बारीक नळी, आणि गाय उलटते म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. कांडीत दोष असू शकतो, पण आधी वेळ पाहा. गोठवून वितळवताना शुक्राणूचं पटल हलतं आणि कपॅसिटेशनसारखे बदल आधीच होऊन बसतात. तो पोहतो, पण ताज्या रेतापेक्षा लवकर संपतो. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात निदान ३० सेकंद, थर्मामीटर लावून; बोटानं अंदाज नको. बाहेर काढल्यावर कोरडी पुसा, पाण्याचा थेंबही शुक्राणू मारतो. पंधरा मिनिटांच्या आत भरा, आणि एका वेळी जेवढ्या गायी हाताशी आहेत तेवढ्याच कांड्या वितळवा.