कॉम्प्युटरवर ४००, रॅकमध्ये ३१०

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचा पंपांचा छोटा कारखाना आहे. बेअरिंगचा स्टॉक कॉम्प्युटरवर ४०० दिसतो, रॅकमध्ये ३१० निघतात. स्टोअर प्रॉडक्शनकडे बोट दाखवतं, प्रॉडक्शन परचेसकडे. काय करावं?

उत्तर : हे ९० नग बहुतेक चोरीला गेलेले नसतात. आधी तीन ठिकाणी पाहा: लाइनवर उघडून ठेवलेली खोकी, क्वालिटीच्या तपासणीत अडकलेला माल आणि रिजेक्शनची पेटी. रात्रपाळीत स्लिप, म्हणजे माल नेल्याची नोंदीची चिठ्ठी, न करता नेलेला माल हे सगळ्यात मोठं भगदाड. त्यावर उपाय म्हणजे रात्रीही स्टोअरची जबाबदारी एका माणसाकडे हवी, आणि स्लिपशिवाय एक नगही हलता कामा नये.

तपासणीतला माल कॉम्प्युटरवर वेगळ्या खात्यात दाखवा. तो वापरायला मोकळा नसतो, तरी परचेस त्याच्या भरवशावर ऑर्डर थांबवतं आणि लाइन बंद पडते.

किती माल उरला की ऑर्डर टाकायची, हा आकडा तिन्ही विभागांनी मिळून ठरवावा. रोज ६० बेअरिंग लागतात, माल यायला ७ दिवस लागतात, तर ४२०. वर दोन दिवसांची राखीव १२०. हाती मोकळा आणि ऑर्डरवर असलेला माल मिळून ५४० वर आला, की ऑर्डर. प्रॉडक्शनचा प्लॅन बदलला तर हा आकडाही त्याच दिवशी बदलायला हवा. इथेच बहुतेक कारखाने चुकतात.

रोज सकाळी स्टोअरच्या दारात उभ्यानेच दहा मिनिटं बोला: आज काय कमी पडणार, एवढंच. महागडे नग दर आठवड्याला मोजा, नट-बोल्ट तिमाहीला चालतील. मोजणारा मात्र स्टोअरबाहेरचा असू द्या.